मुखेडला वाळवलेल्या अळंब्या

लातूर, दि. ११ जून २००५

चि. पुनम हिस,
अ. उ. आ.

त्र्याण्णव सालच्या त्या सकाळी सडा टाकून झाला होता, चुलीवर पाणी तापत होतं आणि मी परातीत भाकरीचं पीठ घेतलं होतं, तेवढ्यात तुझे काका छत्री उलटी धरून आले. छत्रीभर अळंब्या. मागल्या वारुळावर रात्रीतून उगवलेल्या. मी लगेच कांदा घेतला, तर त्यांनी विळी बाजूला सरकवली. जिचं नाव ठरलं नाही ती पातेल्यात पडणार नाही, म्हणाले. लग्न झाल्यापासून हेच ऐकत होते. शेजारची बेगमबी दर पावसाळ्यात त्याच वारुळाच्या अळंब्या रांधायची आणि कुंपणावरून हसायची, की मास्तर नाव शोधून राहिले, आम्ही खाऊन राहिलो.

त्या दिवशी आम्हा दोघांना विसर्जनासाठी तुमच्याकडे मुखेडला यायचं होतं. ते म्हणाले, तू हो पुढं, एवढ्या ताज्या पुन्हा मिळायच्या नाहीत, चित्रं काढून उद्या येतो. चार अळंब्या पेपरात गुंडाळून माझ्या पिशवीत दिल्या, मुखेडला सावलीत वाळव म्हणाले. पहाटे भूकंप झाला. पुढचं तुला ठाऊक आहे.

तुझं पत्र पोचलं. तुमच्या संग्रहालयात काकांनी धाडलेलं जुनं पाकीट सापडलं, वर त्यांच्या अक्षरात ‘वेगळी जात असावी’ असं आहे आणि आतल्या अळंबीचा किड्यांनी भुसा केलाय, हे वाचलं. तू माझ्याकडच्या मागतेस. त्या डब्यात जपून आहेत. पण आधी सांग, कापणार किती? आणि बारा वर्षं वाळून पडलेल्या अळंबीत सांगण्यासारखं उरतं तरी काय? तू लिहिलेलं डीएनए म्हणजे काय, ते मी माझ्या मेसमध्ये जेवणाऱ्या मुलींना विचारलं. कंधारची मनतशा डॉक्टरकीच्या सीईटीचा क्लास करते. तोंडात घास असतानाच तिनं सांगितलं, की डीएनए म्हणजे पिळाचा जिना, हमखास येणारा प्रश्न. जिना कळला, वर काय आहे ते कळलं नाही. मागल्या वर्षीच्या एका पोरीचं बारावीचं पुस्तक इथंच पडलंय, ते वाचायला घेतलंय.

मला एवढंच कळायला हवं. ज्या अळंबीपायी ते मागं राहिले, ती खरंच वेगळी होती का?

आठवण काढतेस तशीच काढत जा.

तुझी,
साखरामावशी

•

पुणे, दि. १९ जून २००५

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तिळाएवढा तुकडा पुरतो. बाकीची अळंबी जशीच्या तशी राहील.

जिन्याच्या वर काय आहे ते तुझ्याच भाषेत सांगते. आजीचा काळा मसाला तू आणि आई दोघी करता. पण तुझ्यात दगडफूल जास्त, आईच्यात खोबरं कमी. आणखी चार पिढ्यांनी फरक वाढेल. नुसते मसाले पाहून कोणती घरं जवळची, कोणती लांबची, हे सांगता येईल. अळंबीच्या आतही अशीच कृती लिहिलेली असते, नुसत्या चार अक्षरांत. आम्ही ती वाचतो आणि दुसऱ्या अळंब्यांशी ताडून बघतो. (दगडफुलातही बुरशीच असते बरं. म्हणजे तू बुरशी रोज वाढतेस आणि मुली बोटं चाटतात!)

चुलीच्या धगीवर वाळवल्या असतील तर ही अक्षरं तुटतात. कशा वाळवल्या होत्यास?

आणि मावशी, उत्तर काय येईल ते माझ्या हातात नाही. आलं तसं लिहू का?

तुझ्या मायेतली,
पुनम

•

लातूर, दि. २७ जून २००५

चि. पुनम हिस,
अ. उ. आ.

सावलीतच वाळवल्या. तुझी आई चुलीजवळ ठेवू पाहत होती, मी सूप उचलून माळ्यावर नेलं. बातमी आल्यावर सगळे म्हणाले, फेकून दे ते. मी तेराव्यापर्यंत रोज उलटत होते. त्यांनी सांगून ठेवलेलं तेवढंच एक काम होतं.

हरिओम पुण्याला परीक्षेला येतोय, त्याच्याबरोबर एक पाठवते. वाटेत डबा उघडलास तर भाचा म्हणून दया करणार नाही, अशी तुझ्या भावाला तंबी दिली आहे. चारांतली सगळ्यात धड तीच होती.

आलं तसं लिही.

मायेनं वाट बघणारी,
साखरामावशी

•

पुणे, दि. ३० ऑगस्ट २००५

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तर येऊन पंधरवडा झाला. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, लिहून टाक वेगळी आहे म्हणून, अक्का काय तपासायला येतेय? मला ते जमलं नाही.

ती वेगळी नाही, मावशी. वारुळांवर सगळीकडे उगवते, लोक हौसेनं खातात, तीच ही. काकांची बुटकी आणि काळपट आहे, टोपीला टोक नाही. पण आतली अक्षरं तीच. मी दोनदा करून पाहिलं.

एक गंमत मात्र झाली. खात्री करायला मी कपाटातली तसलीच जुनी पाकिटं काढली. कोकणातलं एक, नागपूरकडचं एक, शंभर वर्षांपूर्वी कुण्या साहेबानं गोळा केलेलंही एक. प्रत्येकानं आपली वेगळी समजून निराळं नाव दिलेलं. सगळ्या एकच निघाल्या. काकांची अळंबी नसती तर मी ती पाकिटं उघडलीच नसती.

रागावलीस तरी लिही.

पुनम

•

लातूर, दि. ६ सप्टेंबर २००५

चि. पुनम हिस,
अ. उ. आ.

पत्र दुपारी आलं. वाचलं, मग संध्याकाळच्या पोळ्या लाटल्या. रडले का म्हणशील, तर हो, लाटता लाटता. मनतशानं लाटणं काढून घेतलं आणि नकाशे लाटले.

मला वाटलं होतं, साधी निघाली तर ते फुकट मागं राहिले असं होईल. तसं झालं नाही. त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणूनच ते राहिले. ठाऊक असतं तर छत्री मिटून माझ्याबरोबर एसटीत बसले असते. आज असते तर तुला उलट दहा प्रश्न विचारले असते. ते नाहीत, तर मी विचारते. एकच जात असून कोकणात उंच आणि आमच्या काळ्या रानात बुटकी का? मातीमुळं, की वाळवी निराळी म्हणून? आणि त्या साहेबाला कुणी सांगितलं का, की त्याचंही चुकलं?

उरलेल्या तीन पाठवते. त्या कपाटात ठेव, काकांच्या नावानं, आणि वर खरं नाव घाल. म्हणजे काम पुरं होईल.

बेगमबी मागच्या आठवड्यात नव्या वसाहतीतून आली होती. जुन्या गावात आमच्या पडक्या भिंतीमागं वारूळ अजून आहे, म्हणाली, आणि औंदा लई फुललंय.

तुझ्या आईवर रागावू नकोस. माझ्यावर माया आहे तिची, तुझीही राहू दे.

तुझी,
साखरामावशी

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी जुन्या गावी गेले, बेगमबीला बरोबर घेऊन वारुळावरच्या अळंब्या काढल्या, तिच्या घरी कांदा चिरला आणि भाजी केली.