पांढरीच्या पट्ट्याची माती

२ जुलै, बुधवार

आप्पा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि इतक्या काळात मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, त्याची माफी आधी मागते. डायरी रोज लिहिते. शाळेतल्या मुलांबद्दल लिहिते, पावसाबद्दल लिहिते, स्वतःच्या चुका तर जरा जास्तच लिहिते. तुमच्याशी बोलायचं मात्र मनातच उरकत आले. आज बसले त्याला कारण माती आहे. गायरानातला हिवराच्या झाडांखालचा सपाट तुकडा, ज्याला तुम्ही पांढरीचा पट्टा म्हणायचा, तिथली दोन मुठी माती माझ्यासमोर काचेच्या बरणीत पाण्यात पडली आहे. काल दुपारी बरणी जोरात हलवून ठेवली होती. वाळू मिनिटभरात तळाला बसली, नखाएवढा थर. त्यावर संध्याकाळपर्यंत पिठासारखा जाड थर हळूहळू बसत गेला, बरणीतली बहुतेक माती तीच. चिकणमाती थोडीच आहे, ती अजून ताकासारखी वर तरंगते आहे. मधल्या थराला पुस्तकात पोयटा म्हणतात. कोरडी माती चिमटीत घासली तर भाजणीसारखी मऊ लागते, ओली करून वळी वळायला गेलं तर ज्वारीच्या पिठासारखी मोडते. कृषीची पदवी घेतली तेव्हा असे कितीतरी नमुने पाहिले, पण आपल्या गायरानाची माती बरणीत घालायचं तेव्हा कधी सुचलं नाही.

आता काय झालंय ते सांगते. सहा वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीनं गायरान चराईला बंद करायचं ठरवलं. गावात माती शिकलेली मी एकटी, पाटोद्याला शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून माझं मत लेखी मागितलं. मी लिहून दिलं की जनावरांच्या खुरांनी माती दडपते, पाणी मुरत नाही, म्हणून सगळं क्षेत्र बंद ठेवावं. खाली सही केली. धाकट्या काकांचा मुलगा, गावात आपली मेंढरं अजून राखणारा एवढा एकच, तेव्हापासून मेंढरांची खांड घेऊन पलीकडच्या डोंगराला फिरतो आणि उन्हाळ्यात पार माजलगावकडे उसाच्या रानात उतरतो. चालून चालून त्याच्या मेंढ्या गाभ टाकतात. बंदीची सहा वर्षांची मुदत आता संपली. ती वाढवायची का, हे ठरवायला शुक्रवारी ग्रामसभा आहे. सरपंचबाई रविवारी घरी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "मॅडम, मागच्यासारखंच लिहा. दोन ओळी बास. तुमची सही असली की कुनी तोंड वर करीत न्हाई." मी हो म्हणणारच होते. पण सही करायची तर एकदा जागा बघावी, एवढ्याच विचाराने काल सकाळी गेले.

वरच्या मुरमाड उतारावर कुसळी आणि पवन्या गवत गुडघ्याएवढं आलंय. ते बघून मला बरं वाटलं, खोटं का सांगू. खाली पट्ट्यावर आले आणि थांबले. सहा वर्षांत एक मेंढरू नाही, तरी जमीन उघडी. चांगला पाऊस होऊन तीनच दिवस झालेले आणि वर पापडासारखी टणक खपली. नखानं उचकटली तर बोटभर खाली कोरडं. तेवढ्यात आपला मेंढका, काकांचा मुलगा, आला, घोंगडं खांद्यावर, मेंढरं नाल्यापलीकडे उभी करून.

"काय आक्का, माती चाखायला आलीस व्हय?"

मी म्हटलं, "हितं गवत कावून न्हाई रे?"

"तुजी सही बघून भिऊन बसलंय जमिनीत."

मी हसले नाही. तोही हसला नाही. मग मी विचारलं, तवा का बोलला नाहीस. तो म्हणाला, "तू इचारलंस कवा? कागद वाचून दावलास. वाचलेल्या कागदाला मान्सानं काय म्हनावं?"

त्यानं मला पट्ट्याच्या नाल्याकडच्या कोपऱ्यात नेलं. तिथली खपली फुटलेली होती, जागोजाग खुरांचे खळगे होते, आणि जवळजवळ प्रत्येक खळग्यात दोन-चार लेंड्या आणि मारवेल गवताचे कोवळे कोंब. मी त्याच्याकडे पाहिलं. "औंदा तीन-चार बारी मेंढरं घातली हितून पान्याला," तो म्हणाला. "लिव्ह आता तेबी कागदावर." मी बरोबरच्या बाटलीतलं पाणी खपलीवर ओतलं. ते हातभर वाहत गेलं आणि धुळीत पसरलं. मग त्याच्याकडचं खुरपं घेऊन वितभर जागेतली खपली मोडली, तेवढंच पाणी पुन्हा ओतलं. ते तिथल्या तिथे जिरलं. तो उकिडवा बसून बघत होता. म्हणाला, "हे करायला कालेजात जावं लागतं का गं?"

घरी येताना मला आपलं माळवद आठवत राहिलं. मृगाच्या आधी तुम्ही याच पट्ट्यातली माती टोपल्यांनी छतावर न्यायचात. पाणी शिंपून ती पातळ कालवायची आणि आपण सगळ्यांनी वर अनवाणी नाचून ती दाबायची. माय मला म्हणायची, कोंबडीसारखी टुकुटुकु काय चालतीस, टाच दे. वाळलं की ते छत एक थेंब आत घेत नसे, सगळं पाणी पन्हळीतून खाली. आता कळतं की हे बारीक कण ओलेपणी सरकून एकमेकांत गच्च बसतात आणि वाळल्यावर पाण्याची वाटच राहत नाही. छताला जे हवं तेच बियाणाला नको. पट्ट्यावर नुसता पाऊस आपटूनही तेच होतं, त्याला कुणाचे पाय लागत नाहीत.

आणि मग तो दिवस आठवला. मी अकरा वर्षांची होते. तुम्ही पाटोद्याच्या बाजाराला गेलतात, सकाळी पाऊस उघडला होता, आणि लांब जायचा कंटाळा म्हणून मी मेंढरं पट्ट्यावर सोडली. तुम्ही आलात, पिशवी तिथंच टाकली आणि सगळी खांड बाहेर काढली. "माळवद घालतीस का रानाला?" एवढं मोठ्यानं तुम्ही माझ्यावर त्याआधी ओरडला नव्हतात. मग खाली बसून तुम्ही माती हातात घेतलीत, दाबलीत, तळवा मला दाखवलात. "हे बघ, हाताला लागती. दोन-तीन दिस दम धर. लागंनाशी झाली की घाल मेंढरं, मंग चालत्याली." मला वाटलं, कोकरं घसरतील याची काळजी. पस्तीस वर्षं मी तेच समजत आले.

ओल्या मातीवरचे खूर आणि वाफशावरचे, म्हणजे ओल उतरून माती हाताला लागेनाशी झाल्यावरचे खूर, यांत एवढा फरक. मी कागदावर नुसतं 'खूर' लिहिलं होतं. पण आता मला उलटी भीतीही वाटते. तुम्हाला हे खरंच ठाऊक होतं, की तुमच्या एका वाक्यात मी माझं पुस्तक भरते आहे? कोंब खुरांमुळे आले की लेंड्यांमुळे, की तो कोपरा नाल्याजवळचा म्हणून? एका बाटली पाण्यावर किती विश्वास ठेवावा? आणि तुम्हीही सगळीकडे शहाणे नव्हतात. वरच्या उतारावर तुम्ही शेळ्या इतक्या चारल्यात की मुरूम उघडा पडला होता. तिथे बंदीनं भलं झालं, हे मला लिहावंच लागेल, तुम्हाला आवडो न आवडो. मला वाटतं उतार बंदच ठेवावा. पट्टा दोन भागांत करावा, एकात मेंढरं, पावसानंतर माती हाताला लागेनाशी झाल्यावरच, थोडा वेळ. दुसरा भाग आहे तसा ठेवावा, म्हणजे एका पावसाळ्यात काहीतरी दिसेल. सरपंचबाईंना हे दोन ओळींत बसणार नाही. "मॅडम, मागं एक लिवलं, आता एक, लोक काय म्हनतील?" असं त्या म्हणतील, आणि ते बरोबरच असेल.

हे पान डायरीतच राहणार आहे, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. सहा वर्षांपूर्वी मी त्याला विचारलं नाही, ते घाईत राहून गेलं असं मी काल त्याला सांगितलं. ते खरं नाही. घाई नव्हती. चार इयत्ता शिकलेल्या मेंढक्याला मातीबद्दल काय विचारायचं, असं मला वाटलं होतं. तुम्ही दोनच शिकला होता.

उद्या: शाळेत जाण्याआधी नाल्यावर जाऊन कागदाचा मसुदा त्याला वाचून दाखवणे, तो काय म्हणतो ते लिहून घेणे, आणि सही त्यानंतर.