पहिले तेल आणि माझा हात

मी, खाली सही करणारी, शर्यतीच्या गाड्यांची इंजिने बांधणारी बाई, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात लिहून ठेवत आहे. रागावलेल्या बाईची बुद्धी ठिकाणावर नव्हती, असे नंतर कोणी म्हणू नये. वकीलबाईंना मी आधीच विचारून घेतले. त्या म्हणाल्या, "मावशी, कायद्याला राग चालतो. विसराळूपणा चालत नाही." मी काहीही विसरलेले नाही.

पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर उघडणार, बिघाड काढणार आणि बंद करणार. ते काम मला समजते, म्हणून भीती नाही. पण मागची निरवानिरव नीट असावी. यापूर्वी मी कुठे काही लिहून दिले असेल तर ते रद्द समजावे.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक मुलगी व मुलगा यांना निम्मी निम्मी. वरची खोली कोणाची, यावरून दोघे लहानपणापासून भांडत आले आहेत. पुढेही भांडावे, माझी हरकत नाही.

२. हत्यारे सगळी मुलीला, तीही माझ्याबरोबर इंजिने बांधते. मायक्रोमीटरचा डबा जमिनीवर ठेवू नये, हे तिला सांगायची गरज नाही, तरी सांगते. बोल्ट मोजून आवळायचा मोठा टॉर्क रेंच मात्र यात धरू नये. तो शेजारच्या डेंटिंगवाल्याने मागून नेला, हातोडीसारखा वापरला आणि परत देताना म्हणाला, "मजबूत आहे हो, मावशी." तो त्यालाच द्यावा. त्याच्याशी माझे बोलणे बंद आहे. मेल्यावरही ते बंदच समजावे.

३. शेड मुलाला. ती त्याच्या वडिलांनी उभी केली आणि ते गेल्यापासून पुढचा काउंटर, गिऱ्हाइके, सुटे भाग, सगळे त्यानेच सांभाळले. हे नाकारले तर मी खोटी ठरेन. म्हणून देते. "प्रेमपूर्वक" हा शब्द वकीलबाईंनी मसुद्यात घातला होता, तो मी खोडायला लावला. कारण असे.

नव्या बांधलेल्या इंजिनात पहिले तेल कोणते भरायचे, यावरून आमच्या घरात ताटे आपटली गेली आहेत. सिलिंडरच्या भिंतीवर मी दगडाने बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघा उमटवते. पिस्टनची नवी रिंग त्या रेघांवर घासते, थोडी झिजते आणि मग तिचे भिंतीशी जमते. ही संधी अगदी सुरुवातीला मिळते. ती गेली की इंजिन पुन्हा खोलण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून पहिले तेल साधे खनिज तेल. कॅमशाफ्ट वाचावा म्हणून त्यात झिंक हवे. जास्तीचा निसरडेपणा आणणारे काही नको, नाहीतर रिंग बसण्याऐवजी नुसती घसरत राहते. चालू केल्यावर इंजिन नुसते घुरघुरत ठेवायचे नाही. भार द्यायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा. गरम असतानाच ते तेल काढायचे, फिल्टर कापून आत काय अडकले ते बघायचे. रिंगा बसल्या की मग भरा हवे ते सिंथेटिक. कारखान्यातून येणाऱ्या गाड्यांत ते पहिल्या दिवसापासून असते, हे मलाही ठाऊक आहे. त्यांच्या भिंती आणि रिंगा त्या बेताने केलेल्या असतात. माझ्या नसतात.

मुलाने अशाच भारी सिंथेटिक तेलाची एजन्सी घेतली आणि काउंटरमागे चकचकीत डब्यांची भिंत उभी केली.

"एवढं तालेवार इंजिन, आणि त्यात साधं तेल? दिसतं तरी कसं, आई?"

"तेल दिसण्यासाठी भरत नाहीत रे."

"तू जुन्या काळातली आहेस."

"मी असेन. इंजिन तर नवं आहे ना?"

तेव्हा तो हसला. मला वाटले, विषय संपला.

आमचे एक गिऱ्हाईक चढाच्या शर्यतींत गाडी पळवते. त्याला आम्ही डोंगरवाला म्हणतो. त्याचे इंजिन बांधून, पहिल्या तेलाचा डबा शेजारी ठेवून मी तपासण्यांसाठी दवाखान्यात गेले. परत आले तर गाडी गेलेली. मुलगा म्हणाला, "चालू करून दिली. झकास आहे." काही दिवसांनी ती निळा धूर सोडत, तेल पीत परत आली. मी घरी झोपून होते. मुलाने काउंटरवर डोंगरवाल्याला सांगितले, "आईचं वय झालंय. हात थरथरतो हल्ली. तिला काही बोलू नका, वाईट वाटेल."

डोंगरवाला भला माणूस. मला भेटायला आला आणि हळूच म्हणाला, "मावशी, आता आराम करा. पुष्कळ केलंत." आराम कशासाठी, हे मी त्याच्याकडून काढून घेतले.

इंजिन मी आमच्या शेडमधल्या लेथवरच्या टर्नरसमोर खोलले. इंजिनाखालच्या पॅनमधले तेल दोन बोटांत चोळले. ते माझे नव्हते. रिंगांचे गॅप मी ठेवले होते तसेच, बरोबर. भिंतींवरच्या रेघा मात्र घोटून गुळगुळीत झालेल्या, रिंगा बसल्याच नव्हत्या. मुलाला विचारले, "तेल कोणी भरलं?"

"झालं ते झालं, आई. आपण फुकट बांधून देऊ त्याला."

"आणि माझा हात?"

तो फोन कानाला लावून बाहेर गेला. फोन वाजलेला नव्हता. तेव्हापासून गिऱ्हाइके माझ्या मुलीला बाजूला घेऊन विचारतात, "तू बांधणार ना? मावशी नाहीत ना?" आयुष्यभर ज्या हाताने मी भाकरी मिळवली, तो हात माझ्या पोटच्या पोराने काही तेलाच्या डब्यांसाठी बदनाम केला. याची भरपाई फुकट इंजिनाने होत नाही.

४. त्या इंजिनातून काढलेली एक लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, मुलाला. आतून आरशासारखी झाली आहे. काउंटरवर ठेवावी, केस विंचरायला उपयोगी पडेल.

५. डोंगरवाल्याचे इंजिन मी नव्या लायनर आणि रिंगा घालून पुन्हा बांधले आहे. ते स्टँडवर कोरडे उभे आहे. धुरापासून लांब राहायचा मला डॉक्टरांचा हुकूम असल्याने मुलीने ते चालू करावे, साध्या तेलावर. ते डोंगरवाल्याचेच आहे, वारसा नव्हे. त्यामुळे त्याला या कागदावर साक्ष करता येते.

६. वकीलबाईंनी सांगितले, मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, झाला तर त्याचा वाटा जातो. नियम मला पसंत पडला. इंजिन चालू झाल्यावर माझ्या बाजूने बोलेलच, पण मला माणसाची साक्ष हवी आहे. म्हणून सही करताना मी मुलाला समोर बसवणार आहे. माझा हात पाहून त्याने गप्प राहावे, शेड त्याची. किंवा खरे काय ते लिहून, साक्षीदार म्हणून सही करावी. मग शेड आणि वर लिहिलेले त्याच्या वाट्याचे बाकी सगळे त्याच्या बहिणीचे, आणि हा कागद असाच फ्रेम करून काउंटरमागे लावावा, डब्यांच्या जागी. मी त्याला यातले काही समजावणार नाही. कागद वाचायला देईन, एवढेच.

स्थळ: शेडमधले मधले टेबल. दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तो.

लिहून देणार: (सही)

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली. बाई शुद्धीत होत्या. हात स्थिर होता.

साक्षीदार पहिला: (सही) टर्नर

साक्षीदार दुसरा: (सही) डोंगरवाला

साक्षीदार तिसरा, स्वहस्ते: आईचा हात थरथरला नाही. तेव्हाही थरथरत नव्हता. तेल मी भरलं होतं. (सही) मुलगा