अक्कांचा रस्ता, धाकट्याचं दुकान

दि. ९ जानेवारी

मा. नगरसेविका यांस,
सा. न. वि. वि.

'ती. अक्का' लिहायला पेन उचललं होतं. पण तुझ्या ऑफिसातून आलेल्या नोटिशीत मी 'गाळाधारक' आहे, तेव्हा आता तसंच वागू. चार गल्ल्या सोडून राहणाऱ्या बहिणीला पोस्टानं पत्र धाडतोय, कारण समोरासमोर आलो की तू बोलतेस आणि मी ऐकतो. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, तू सतरा. तेव्हा लागलेली ही सवय बासष्टाव्या वर्षी तरी मोडावी म्हणतो.

नोटीस सांगते की रस्ता रुंद होणार आणि माझ्या पुस्तकबांधणीच्या दुकानाचे सहा फूट जाणार. दुकान आहे दहा फूट खोल. उरलेल्या चार फुटांत कागद कापायचं यंत्र बसत नाही, पुस्तकं दाबायचा शिकंजा बसत नाही, मी आडवा झालो तर मीही बसत नाही. समोरच डॉक्टरांच्या बंगल्याची भिंत आहे. तिचा एक इंचही जाणार नाही. दोन्ही टोकांकडून नाकासमोर येणाऱ्या रस्त्याला माझ्या दाराशी आल्यावर एकदम माझी माया येते!

रस्ता नको असं मी म्हणत नाही. मागच्या साली शिंप्याच्या सुनेला कळा सुरू झाल्या आणि ॲम्ब्युलन्स गल्लीत शिरेना, तेव्हा तिला खुर्चीत बसवून तू बांधून घेतलेल्या प्रसूतिगृहापर्यंत उचलून नेणाऱ्या चौघांत मी होतो. रस्ता हवाच. तो वाकडा का, एवढंच सांग.

बायको म्हणते, अक्कांना भेटून या. मी म्हटलं, त्यांची वेळ घ्यावी लागते.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं.

गाळाधारक

दि. १४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं 'मा. नगरसेविका' वाचून पोस्टमनसमोरच हसू फुटलं. ज्याचं नाक पुसलं तो आता मला सा. न. वि. वि. करतो! बरं झालं, निदान शुद्धलेखन तरी सुधारलंय.

आता हसणं पुरे. बावीस वर्षं या वॉर्डाची कामं करते आहे, त्यात घरच्या माणसाचं एकही केलं नाही. माझ्या स्वतःच्या मुलाचा नोकरीचा अर्ज मी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला होता, आणि सूनबाई अजून ते विसरलेली नाही. रस्त्याचा ठराव आला तेव्हा समोरच्या बाकावरून टोमणा आला की बाईंच्या भावाचं दुकान वाचणारच. मी उभी राहिले आणि म्हटलं, पहिला घाव माझ्या भावाच्याच दुकानावर पडेल. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. आता मी ती रेघ सूतभर जरी हलवली, तर उद्या गावात कोणत्या तोंडानं फिरू?

आणि रेघ मी आखली नाही, अभियंत्यांनी आखली. डॉक्टरांच्या भिंतीखालून पाण्याची मोठी पाइपलाइन जाते, म्हणून ती बाजू सोडली, असं त्यांनी सांगितलं. तुझ्यासारखे पन्नास जण येऊन मला रस्ते शिकवतात. तू पुस्तकं शिव, रस्त्यांचं आम्ही पाहू.

रागावलास तरी पथ्य मोडू नकोस. भावजयीला आशीर्वाद.

तुझी अक्का

दि. ३ मार्च

ती. वन्सं यांस,
शि. सा. न.

यांना न सांगता लिहिते आहे. तुमच्या भावाला कळलं तर माझ्याशीही पोस्टानंच बोलतील.

मंगळवारी सकाळी दहाला पाडकामाचं मशीन आलं. तुम्ही आला नाहीत, बरंच केलंत. हे पलीकडच्या पायरीवर उभे होते. मशीनवाला भला माणूस, त्यानं विचारलं की पाटी आधी काढून देऊ का. हे म्हणाले, राहू दे, दुकानाबरोबरच जाऊ दे. तेवढंच बोलले. भिंत पाडायला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कापायचं यंत्र घरात मावेना, ते भंगारवाल्यानं नेलं. हातगाडी वळेपर्यंत हे तिच्याकडे पाहत होते. मग घरी येऊन हात धुतले, आणि परत धुतले.

दुकानातलं सामान घाईघाईनं घरात आणून टाकलं होतं, ते परवा आवरायला घेतलं. त्यात एक गुंडाळी निघाली. तुम्ही पहिल्यांदा निवडून आलात त्याच्याही आधी ऑफिसनं एक नकाशा पाठीला कापड चिकटवायला यांच्याकडे दिला होता, आणि तो न्यायला कुणी फिरकलंच नाही. नकाशा याच रस्त्याचा आहे. त्यावर शिक्का आहे, सह्या आहेत. रेघ सरळ आहे, वन्सं. आमच्याकडून तीन फूट, डॉक्टरांकडून तीन फूट. तसं झालं असतं तर आमच्याकडे सात फूट राहिले असते. यंत्राला साडेसहा लागत होते.

यांनी तो पाहिला, घडी केली आणि म्हणाले, आता काय उपयोग. मी सोबत पाठवते आहे. तुम्ही यांना आईच्या मायेनं वाढवलंत, म्हणून मी तीस वर्षं तुमच्यापुढे आवाज चढवला नाही. आज चढवते. ज्या कागदानं माझ्या घरातलं माणूस मुकं झालं, त्यावर सही करताना तुम्ही तो उघडून पाहिला होता का?

उत्तर द्यायचं तर यांना द्या, मला नको.

तुमची भावजय

दि. १९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या बायकोनं नकाशा पाठवला. तिला रागावू नकोस. तिनं मला जे विचारलं, ते बावीस वर्षांत समोरच्या बाकावरून कुणी विचारलं नव्हतं.

मी नकाशा घेऊन अभियंत्यांकडे गेले. त्यांनी पुन्हा पाइपलाइनचं सांगितलं. मी म्हटलं, खणा. डॉक्टरांच्या भिंतीलगत माझ्यासमोर चार फूट खणलं. मोठी पाइपलाइन राहिली बाजूला, गंजकी नळीसुद्धा निघाली नाही. तेव्हा ते खाली बघत म्हणाले की डॉक्टरांनी शब्द टाकला होता, आणि बाई स्वतःच भावाचं दुकान द्यायला निघाल्या होत्या, तेव्हा त्या बाजूनं कोण तक्रार करणार असं वाटलं.

माझ्याच वाक्याच्या आडोशाला तो माणूस लपला, धाकट्या. सही करताना मी नकाशा उघडला नाही. उघडला असता तर लोक म्हणाले असते, भावासाठी पाहते आहे. प्रत्येक गटाराचं झाकण वाकून तपासणारी मी, तुझं दुकान तेवढं न पाहता दिलं. टाळ्या मी घेतल्या, घाव तुझ्यावर पडला.

कालच्या सभेत हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. अभियंत्यांची चौकशी लागली आहे. रेघ सरळ होणार, डॉक्टरांची भिंत तीन फूट मागे जाणार, तुझे तीन फूट तुला परत मिळणार. डॉक्टरांनी सभागृहाच्या दारातच मला सांगितलं की जूनमध्ये मी कशी निवडून येते ते पाहतो. पाहू दे.

तुला भेटायला यावंसं वाटतं. दारातून परत पाठवणार असशील तर आधी कळव. या वयात ते मला रस्त्यावर सोसणार नाही.

तुझी अक्का

दि. २२ जून

अक्कास नमस्कार.

तीन महिने उत्तर दिलं नाही, कारण लिहायला बसलो की शिव्याच येत होत्या. अजूनही येतात, पण आता ओळीत येतात.

डॉक्टरांची भिंत पडली. माझे तीन फूट परत मिळाले, तिथे शेजारी सायकल लावतो. यंत्र गेल्यावर त्याची जागा आली. मी आता छापखान्याच्या मागच्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या पावतीपुस्तकांना टाचण्या मारतो. चाळीस वर्षं शिवण घातलेल्या हाताला टाचणी मारायला लावणं काय असतं, ते तुझ्या कुठल्या ठरावात बसत नाही.

आणि एक गोष्ट अजून सलते. चूक कबूल केलीस तीही सभेतच. आधी मला सांगायला चार गल्ल्या चालावं लागलं असतं. तिकडे तुला ऐकायला पन्नास माणसं होती, इकडे मी एकटा होतो.

तू एकोणीस मतांनी पडलीस. छापखान्यात सगळे माझ्याकडे पाहत होते, मी खूश होतो की काय ते बघायला. मी मत तुलाच दिलं होतं. डोळे पुसू नकोस, अर्थही काढू नकोस. गुरुवारी ॲम्ब्युलन्स त्या रस्त्यानं सरळ प्रसूतिगृहापर्यंत गेली, कुणाला खुर्ची उचलावी लागली नाही. ते काम तू केलंस, त्याचं मत होतं ते. दुकानाचं वेगळं आहे. त्याची माफी अजून माझ्याकडे तयार नाही.

तुला घरी बोलावत नाही. पण बायको म्हणते की निकालानंतर तू कुणाच्याच घरी गेली नाहीस, आणि तिला तुझ्याशी बोलायचंय. ती तीनपासून घरी असते. मी सहाला येतो. त्याआधी निघ.

धाकटा