सायम्मा वाकत नाही

७ जुलै
कामगार काम करताना किती वाकतात ते मोजायचं, ही माझी नोकरी. सासूबाई लोकांना सांगतात, "सून हाडांची डॉक्टर आहे." सांगू देत!

आज कोंडापूरच्या नव्या इमारतीवर पहिला दिवस. कॅमेरा काढला आणि सगळे ताठ. कुर्मय्या मेस्त्रीचा जन्म उकिडवं बसून फरश्या बसवण्यात गेला — तो थापी घेऊन भिंतीशी उभा, चेहरा नवरदेवाचा! डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बायका तर खांबासारख्या.

"रोज करता तसंच करा हो."

"रोज असंच करतो, मॅडम," त्यांची म्होरकी सायम्मा म्हणाली.

वाकण्याच्या कोनांचा माझा तक्ता हिरवागार. धोका शून्य.

८ जुलै
इंजिनियर शेषाचारी खूश. "धोकाच नाही, मग मालाची लिफ्ट कशाला?" म्हणजे तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळा माल बायकांच्या डोक्यावरूनच! माझं डोकं फिरलं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितलं — तक्ता लाल झाला तरच लिफ्ट येणार.

९ जुलै
नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. फाटकातून आत गेले तर इस्पितळच! कुर्मय्या चहाचा ग्लास उचलताना कण्हतो. वॉचमन खुर्चीतून उठताना देवाला हाका मारतो. एक जण इतका वाकला की तो कोन माझ्या तक्त्यातच नाही. वर विचारतो, "अजून वाकू?"

ताठ फक्त सायम्मा आणि तिच्या बायका. "मान दुखत नाही?" विचारलं.

"दुखते की."

"मग दिसू दे ना!"

तिनं घमेलं उचललं आणि जिना चढायला लागली. हटवादी बाई.

११ जुलै
शेषाचारी म्हणतो, वजन बायका वाहतात आणि त्यांचंच हिरवं. लिफ्ट विसरा.

सायम्माच्या विनवण्या केल्या. अक्का म्हटलं. डब्यातली सर्वपिंडी दिली, इथलं थालीपीठच ते. तिनं सावकाश खाल्ली.

"लिफ्ट आल्यावर आम्ही काय करायचं?"

"आराम!"

तिनं बोटं पदराला पुसली. मग म्हणाली, "तू म्हणतेस म्हणून," आणि घमेल्याखाली मान सैल सोडली. जिन्यात दोनदा टेकली. मी फोटोवर फोटो. बायकांचा तक्ता लालभडक! घरी आल्यावर लक्षात आलं, ती एकदाही कण्हली नाही. नाटक करत नव्हती.

२ ऑगस्ट
लिफ्ट आली! कुर्मय्यानं नारळ फोडला आणि सिमेंटच्या आधी स्वतःच आत जाऊन बसला. कॉलर धरून उतरवावा लागला. सासूबाईंना म्हटलं, आता डॉक्टर म्हणा खुशाल.

४ ऑगस्ट
लिफ्ट झकास चालते. बायका दिसेनात. शेषाचारीला विचारलं तर म्हणाला, "आता त्यांचं काय काम?"

फाटकाशी सायम्मा गाठोडं बांधत होती. मला तोंड दाखवायची लाज वाटली.

"पहिल्या दिवशी उगाच ताठ उभ्या नव्हतो, पोरी," म्हणाली. गाठोडं डोक्यावर घेतलं. "चालले आरामाला."

वळणापर्यंत बघत राहिले. मान सरळ. तक्त्यात हिरवं.