माझ्या स्फटिकाला सुई लावू देणार नाही

७ मे १९८४, सोमवार. मेलबर्न.
आजपासून रोज लिहायचं. पुढे आत्मचरित्राला उपयोगी पडेल.
परिस्थिती अशी. फ्लूचा नवा व्हायरस पेशीतून बाहेर पडताना तिलाच एका धाग्याने चिकटून अडकतो. त्याच्या अंगावरचं एक एन्झाइम कात्रीसारखं तो धागा कापतं, तेव्हा कुठे तो सुटतो. आपली अँटिबॉडी ती कात्रीच धरून ठेवते. नेमकी कुठे धरते, हे दोघांचा मिळून एक स्फटिक केल्याशिवाय आणि तो एक्स-रेखाली ठेवल्याशिवाय कळत नाही. जूनअखेर स्फटिक नाही, तर मला नोकरी नाही. मग बॅलरॅटला मेहुण्याच्या फरशांच्या दुकानात बसायचं. मेहुणा आत्तापासून खुर्ची पुसून ठेवतोय. पुसू दे.

८ मे
ट्रेमध्ये एन्झाइम आणि अँटिबॉडी या दोन प्रोटीनच्या मिश्रणाचे थेंब लावले, सुकता सुकता स्फटिक धरावा म्हणून. फॉस्फेटचा क्षार सगळेच घालतात, मीही घातला. एका थेंबात स्वतःच्या अकलेने कॅल्शियमसुद्धा. एन्झाइमला ते लागतंच, मग पाहुणचारात कंजुषी कशाला? शेजारच्या टेबलावरच्या डॉर्कसला सांगितलं नाही. कल्पना चोरतात लोक.

१४ मे
झाला. कॅल्शियमच्या थेंबात लखलखीत स्फटिक, एकुलता एक. शेजारच्या साध्या थेंबात नुसते वेडेवाकडे पापुद्रे. दया आली.
थेल्माला फोन केला. म्हणाली, मग आता बॅलरॅट नाही ना? मी म्हटलं, विसर बॅलरॅट. बायको फोनवर रडली. मलाही भरून आलं.

१५ मे
स्फटिक मिळाला की मजल्यावर सगळ्यांना चहाबरोबर केक द्यायचा, असा रिवाज आहे. मोठा आणला. डॉर्कसने दोनदा घेतला आणि वर विचारते, सुई लावून पाहिलीस का रे नेव्हिल? प्रोटीनचा असला तर लोण्यासारखा चेपतो, साध्या क्षाराचा असला तर कट्कन वाजतो. मी म्हटलं, एकुलत्या एकाला कुणी सुई टोचतं का? तर म्हणे, बाजारात तुरी आणि तू केक वाटतोयस.
मत्सर. दुसरं काही नाही.

१७ मे
डॉर्कस पाठ सोडेना. शेवटी ती जेवायला गेल्यावर त्या पापुद्र्यांना सुई लावली. सगळ्यांना. टोक लागताच लोण्यासारखे चेपले. काय ही लायकी. थेंब सिंकमध्ये धुऊन टाकला.
ती आल्यावर सांगितलं, लावली बाई सुई, मऊ लागलं. कुठल्या थेंबात लावली ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तिने उठून हात मिळवला. म्हणाली, माझंच चुकलं. मोठ्या मनाने माफ केलं.

२१ मे
एक्स-रे काढला. प्रोटीनच्या स्फटिकाचे ठिपके फिल्मवर दाटीवाटीने येतात. माझे मोजके, ठळक, लांब लांब. स्फटिक शिस्तीचा आहे. आमचे प्रमुख प्रोफेसर क्विल फिल्म उजेडात धरून उलटीसुलटी करून बघत होते. भारावले असणार.

२१ मे, दुपार
भारावले नव्हते. त्यांनी सुई मागितली. द्यावी लागली. कट्.

२२ मे
कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचाच खडा. दोन्ही मीच घातलेली. डॉर्कस म्हणाली, हाडं त्याचीच असतात.
प्रोफेसर रागावले नाहीत, ते फार वाईट. म्हणाले, अरे, ट्रेमध्ये कुठे एखादा चेपणारा पापुद्रा जरी दिसला असेल तर सांग, तेवढ्यावर वर्षभराची मुदत मागतो मी. डॉर्कस माझ्याकडे टक लावून बघत होती. दिसला होता म्हणावं, तर कुठे गेला ते सांगावं लागणार. आणि हात मिळवून घेतला तो कशाबद्दल, तेही.
मी म्हटलं, नाही दिसला.
घरी गेलो तर थेल्मा स्वयंपाकघराच्या खिडकीचं माप घेत होती. नवे पडदे शिवायचे म्हणाली, आता इथेच राहायचंय तर. स्टुलावर चढून मी तिला टेपचं दुसरं टोक धरून दिलं.