गॉन वेअर?

ब्रिस्टल, नोव्हेंबर १९९४

प्रिय दादा,

सुलूचा तुला आणि वहिनीला नमस्कार. मी मजेत आहे. इथे चारलाच अंधारून येतं, सगळं शहर दुलईत शिरल्यासारखं दिसतं. आईचे गुडघे कसे आहेत? वेळेवर जेवते ना?

आज हॉस्पिटलात वाईट बातमी कशी सांगायची, याचं आम्हा डॉक्टरांना ट्रेनिंग होतं. पेशंटच्या बायकोचं काम करायला एक नटी आली होती, आईच्याच वयाची. तिचा नवरा ऑपरेशनमध्ये दगावला, हे मी तिला सांगायचं. सगळं खोटं, दोघींना ठाऊक.

मी जवळ बसून हळूच म्हटलं, “आय ॲम सॉरी, ही इज गॉन.” आपण मराठीत ‘गेले’ सोडून दुसरं काही म्हणतो का?

तिनं पर्स उचलली. “गॉन? गॉन वेअर?”

खिडकीबाहेर धुकं होतं. क्षणभर वाटलं, उठावं आणि तिच्याबरोबर त्याला शोधायला निघावं.

शिकवणारे डॉक्टर म्हणाले, “‘ही डाइड’ असं सरळ सांगा. नाहीतर माणसं वाट बघत बसतात.” दुसऱ्या खेपेला नीट जमलं. पास झाले, काळजी करू नकोस.

गेल्या वर्षी तुझा फोन आला, “सुले, बाबा गेले,” तेव्हा मीही विचारलं होतं, “कुठे?” आठवतं?

दादा, आईला तू कोणत्या शब्दांत सांगितलंस रे? वहिनीनं लिहिलंय, संध्याकाळी ती अजून दाराला कडी लावू देत नाही.

तुझी,
सुलू