प्राध्यापकासाठी प्रार्थना

...तेवढ्यात पाद्रीबाई म्हणाल्या, "जरा सरक रे, त्या वाळक्या माणसाचं तोंड दिसत नाहीये." मी सरकलो, इओसेफोदादा, आणि धर्मसंस्थांची पोल खोलणारी तू ऑकलंडहून पाठवलेली ती डॉक्युमेंटरी माझ्याच घरात खांबाला टेकून उभ्यानं पाहिली. (नमस्कार राहिला. इकडे सगळे खुशाल. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींना सांग, डुक्कर बरं आहे.)

आपल्या घराण्यात देव न मानणारे आपण दोघंच, आणि तू तिकडे. फुआतिनोआत्याच्या चर्चच्या गायकवृंदातला खर्जाचा गडी न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेला, तेव्हापासून ती माझ्यामागे हात धुऊन लागली आहे, कारण देवानं (तिच्या मते) तो आवाज चुकून मला दिला. शेवटी पैज ठरली. फिल्म पाहून एकानं जरी 'त्यातल्या वाळक्या प्राध्यापकाचं बरोबर आहे' म्हटलं, तर आत्या पुन्हा कधी 'गायला येतोस का' विचारणार नाही. नाहीतर रविवारी मी गायकवृंदाच्या शेवटच्या रांगेत, खर्जाच्या जागी.

बोलावलं होतं चौघांना. पण आपल्या बेटावर घरांना भिंती नाहीत, नुसते खांब. टीव्ही लागला की निम्मं गाव चटया घेऊन हजर, पाद्रीसाहेब उशी घेऊन. प्राध्यापकानं बोट उगारून विचारलं, "तुमची प्रार्थना आजवर कुणी ऐकली आहे का?" आणि बाहेर संध्याप्रार्थनेचा शंख वाजला. आता दुसरा शंख होईपर्यंत रस्त्यावर पाऊल टाकायची सोय नाही. मी फिल्म थांबवली. प्राध्यापक बोट वर, तोंड उघडं, तसाच राहिला आणि सगळ्यांनी त्याच्यासमोर डोळे मिटले. आत्यानं त्यालाही सोडलं नाही. "प्रभो, या बिचाऱ्याला कुणीतरी पोटभर जेवू घाल. आणि याची आई असेल तर तिला धीर दे." आमेन नेहमीपेक्षा मोठ्यानं झालं.

मग भजन. बायकांचे वरचे सूर लागले, पुरुषांचे मधले लागले, खाली मात्र काहीच नाही. ताट वाढलंय आणि तारोचा कंदच नाही, तसं. दोन कडवी मी सोसली. तिसऱ्याला आत शिरलो. (केवळ सुरासाठी. देवाचं नाव आलं की मी नुसतं 'हं' करायचो. या भजनात ते इतक्या वेळा येतं की मी बहुतेक 'हं'च केलं.) आत्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. फक्त तिच्या हातातला पंखा थांबला.

दुसरा शंख झाला, उरलेली फिल्म झाली. पाद्रीसाहेब गुडघ्यावर हात टेकत उठले आणि म्हणाले, "प्राध्यापकाचं बरोबर आहे. अक्षरशः असंच चालतं. पलीकडच्या गावातल्या चर्चमध्ये." सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणजे मी जिंकलो, दादा. आत्या म्हणाली, "जिंकलास बाबा. आता नाही विचारणार."

तुझा विजयी भाऊ,
ताउमाफाई

ता. क. फिल्मचा दुसरा भाग आहे का, असं पाद्रीबाई विचारतात. प्राध्यापक जाड झाला का, ते बघायचंय.

ता. क. एक पांढरा कोट पाठव. खांदे रुंद हवेत. पाद्रीसाहेबांचा उसना घातला, तो काखेत उसवला.

ता. क. रविवारी सकाळी आत्यानं खरंच विचारलं नाही. मी घंटेच्या आधीच जाऊन शेवटच्या रांगेत उभा राहिलो.